नाकाची साक्ष

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं सरांच्या गमती सांगायला लागल्यावर मी काही लपवलं असं कुणाला वाटायला नको. आमच्या सरांनी ‘वास नाही’ असं सांगितलं म्हणून एक माणूस टाकीत उतरला आणि जळून मेला. हे वगळून सरांबद्दल बोलता येतं का, ते मी करून बघितलंय. येत नाही. गेलेल्या माणसाचं चांगलं तेवढं आठवावं म्हणतात, पण सरांच्या बाबतीत निवडायला बसलं की सगळंच एकमेकांत गुंतलेलं निघतं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. माझे मावसभाऊ, मामेभाऊ कॉम्प्युटरच्या नोकऱ्या धरून बंगळूरला येत होते, आणि मी रसायनशास्त्राची एम.एस्सी. घेऊन आले ती गोंदाच्या कारखान्यात. नातेवाइकांत माझी ओळख ‘ती गोंदवाली’ अशी करून दिली जायची. कारखाना आनेकलच्या बाजूला होता. चपला-बुटांचे तळ चिकटवायचा पिवळट गोंद आम्ही बनवायचो, ज्याला चांभार ‘सोल्युशन’ म्हणतात तो. रबर टोल्युईनमध्ये विरघळवायचं, त्यात राळ घालायची, घोटायचं आणि डब्यात भरायचं. त्या सगळ्याचे मुख्य केमिस्ट म्हणजे सर.

ठेंगणे, अंगात बारा महिने अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, आणि चेहऱ्याच्या मानाने दोन मापं मोठं नाक. घराणं चामराजपेटेतलं, शहाजीराजांच्या वेळी आमचे लोक इकडं आले असं ते परवाच आल्यासारखं सांगायचे. घरात मराठी, पण त्या मराठीत कन्नड असं मिसळलेलं की मला पहिला महिनाभर निम्मं समजायचंच नाही. ‘स्वल्प’ म्हणजे थोडं आणि ‘सरी’ म्हणजे ठीक, बरोबर, हेसुद्धा मला विचारून घ्यावं लागलं.

“कुठली म्हणे तू?” पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं.

“नागपूरची.”

“मग तिथं सगळं लवकर उडत असेल की.”

मला वाटलं हे थट्टा करतायत. ते बाष्पीभवनाबद्दल बोलत होते. लगेच काचेच्या पट्टीवर त्यांनी दोन थेंब ठेवले, एक टोल्युईनचा, एक पाण्याचा, आणि मला म्हणाले, “स्वल्प थांब आणि बघ.” टोल्युईन बघता बघता गेलं. पाणी ठाण मांडून बसलेलं.

“ह्याच्या रेणूंना एकमेकांची ओढ कमी. धरून ठेवायला जमत नाही, निघाले हवेत. पाणी आपली माणसं सोडत नाही, सरी? आता, कॉलेजात तू बंध शिकलीस. दोन अणू एकमेकांना बांधलेले. ते रक्ताचं नातं. तोडायचं तर जाळावं लागतं. आपला धंदा त्यावर चालत नाही. आपला धंदा शेजारावर चालतो. एका रेणूला दुसऱ्या रेणूची वाटणारी ओढ, ती किती, तर इतकीशी. केसभर लांब गेलं तरी संपली. पण खेटून उभे राहिलेले असे कोट्यवधी असले, की माणूस त्यावर उभा राहून आयुष्यभर चालतो. चपलेचा तळ सुटत नाही.”

दोन वर्षं मी एम.एस्सी.त जे पाठ करत होते ते मला त्या दिवशी समजलं. हे मी त्यांचं देणं मानते, आजही.

शेजार हा त्यांचा लाडका शब्द आणि धूळ ही त्यांची वैरीण. मधे धूळ आली की शेजार संपला, असं म्हणत ते दिसेल ती वस्तू पुसायचे. कंपनीच्या बसमधलं बाक, डब्याचं झाकण, दुसऱ्याचा चष्मासुद्धा. समोरच्याच्या नाकावरून चष्मा उचलायचा, स्वेटरच्या टोकानं पुसायचा, परत बसवायचा आणि बोलणं मधे न तोडता चालू ठेवायचं. मॅनेजरचाही त्यांनी असाच एकदा पुसला. मॅनेजर मंगळूरकडचा, शिस्तीचा माणूस. तो आंधळ्यासारखा बघत बसला बिचारा.

आमच्याकडं गोंद तपासायची पद्धत म्हणजे तो सोडवून बघणं. दोन पट्ट्या चिकटवायच्या, यंत्रात धरायच्या आणि सुटेपर्यंत ओढायच्या. किती जोर लागला तो आकडा आम्ही लिहून घ्यायचो. सर आकड्याकडं ढुंकून बघायचे नाहीत. सुटलेल्या दोन्ही पट्ट्या घेऊन ते खिडकीशी जायचे आणि विचारायचे, “कुठं सुटलं?” गोंद दोन्ही पट्ट्यांवर थोडा थोडा राहिला असेल तर खूश. म्हणजे गोंदानं दोघांनाही धरलं होतं, तो मधल्या मधे फाटला. पण एक पट्टी कोरी निघाली की त्यांचा चेहरा उतरायचा. “धरलंच नव्हतं,” म्हणायचे. “नुसतं टेकलं होतं.”

हे माप ते जगाला लावायचे. प्रयोगशाळेतल्या एका मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं, ती डोळे सुजवून कामावर आली. सरांनी तिला बोलावून घेतलं. “दोघांकडंही थोडं थोडं राहिलंय का? मग ते खरं होतं, रड. एक बाजू कोरी निघाली असेल तर रडू नको. धरलंच नव्हतं.” ती आणखी मोठ्यांदा रडायला लागली. सर घाबरून तिचा चष्मा पुसायला गेले, तर तिला चष्माच नव्हता.

रविवारी ते पिशवी घेऊन चिकपेटेत जायचे. तिथं आमच्या गोंदाचे घाऊक दुकानदार होते, पण सरांचं लक्ष गिऱ्हाइकांच्या पायांकडं. एका लग्नात तर कहर झाला. कार्यालयाच्या दारात शे-दोनशे चपलांचा ढीग, आणि सर उकिडवे बसून एकेक चप्पल उचलून वाकवून बघतायत. मुलीकडच्या लोकांनी त्यांना चप्पलचोर म्हणून दंडाला धरून उठवलं. “अरे, तळ बघत होतो की!” त्यांच्या अक्कांनी, म्हणजे मोठ्या बहिणीनं, येऊन सोडवलं म्हणून निभावलं. सोमवारी बसमध्ये त्यांनी हे स्वतःच सांगितलं, आणि वर म्हणाले, “वरपक्षाचे सगळे तळ सुटायला आलेत. मुलीचं कठीण आहे.”

पण सरांचं खरं नाव होतं ते नाकामुळं. टोल्युईनचं पिंप उघडलं की त्यात काय मिसळलंय, किती जुनं आहे, कुठल्या गाडीतून आलंय, हे ते वासावरून सांगत अशी ख्याती होती. गॅस मोजायचा एक मीटर कंपनीनं कधीकाळी आणला होता. तो बंद पडून कपाटात गेला आणि कुणीच दुरुस्त केला नाही, कारण सरांचं नाक होतं. टाकीत माणूस उतरवायचा असला, की आधी ती धुवायची, पंख्याची हवा सोडायची, आणि मग सरांनी झाकणातून डोकं घालून वास घ्यायचा. ते ‘सरी’ म्हणाले की उतरायचं. नियम म्हणून कुठं लिहिलेलं नव्हतं, पण नियमापेक्षा पक्कं होतं.

रोज सकाळी ते आम्हा नव्या लोकांची परीक्षा घ्यायचे. नमुन्याची बाटली पुढं करायचे. “हुंग. काय येतंय?” आम्ही सांगायचो, जरा आंबूस, किंवा रॉकेलसारखं, किंवा नेहमीचंच. दुसऱ्यालाही विचारायचे. मग स्वतः बाटली नाकाला लावायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, “सरी. बरोबर सांगितलंस.” आम्हाला शाबासकी मिळाल्यासारखं वाटायचं.

एकदा त्यांनी मला घरी जेवायला बोलावलं. काकू उंच, गोऱ्या, सतत बोलणाऱ्या. एकेक पदार्थ वाढताना त्याचं वर्णन चालू. “हे सार. कढीलिंब तुपात तळलाय, बघा कसा घमघमतोय. भात स्वल्प लागलाय खाली, करपट वास येतोय, नाही का?” आणि सर मान डोलवून, “हो, भात लागलाय की.” मला मनातून हसू आलं. वाटलं, काय बाई ही, जेवूसुद्धा देत नाही सुखानं.

आता मुनियप्पाबद्दल सांगायला हवं. तो आमचा वेल्डर. आनेकलच्या पलीकडच्या खेड्यातून सायकलवर यायचा. कमी बोलणारा, पण सरांचं भाषण ऐकायला हातातलं काम टाकून उभा राहायचा. सर त्याला कन्नडमध्ये रेणूंचा शेजार समजावून सांगायचे आणि तो हसायचा. “सार, म्हणजे लोखंडाचंही असंच?” सर म्हणायचे, “नाही रे, तुझं काम रक्ताच्या नात्याचं. तू जाळून जोडतोस. मी जवळ आणून जोडतो.” दोघांना हे फार आवडायचं. पुन्हापुन्हा बोलायचे.

टाकीतलं घोटायचं पातं तडकलं. ते आत उतरूनच वेल्ड करायला लागायचं. टाकी धुतली होती, हवा सोडली होती. पण रबराचा पातळ थर टाकीच्या अंगाला राहतोच, आणि त्याच्या पोटात टोल्युईन दडून बसतं, कारण त्या दोघांची एकमेकांना ओढ असते. वाफ हवेपेक्षा जड, तळाशी साचते. हे आम्हाला शिकवलं होतं सरांनीच. त्यांच्याइतकं हे दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. मी प्रयोगशाळेत होते. धप्प असा आवाज आला, फार मोठा नव्हता, गादी पडावी तसा. बाहेर धावले तेव्हा टाकीच्या तोंडातून धूर येत होता, आणि सर पालथे पडून कोपरापर्यंत हात आत घालून काहीतरी ओढत होते. लोकांनी त्यांना पाय धरून मागं खेचलं. भुवया जळालेल्या, दोन्ही तळहात सोललेले. मुनियप्पाला बाहेर काढलं ते मला लिहायचं नाही.

आठवडाभरानं मी चामराजपेटेत गेले. सर आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडले होते. काकूंनी मला स्वयंपाकघरात नेलं, आणि पाटावर बसून हलक्या आवाजात सांगायला लागल्या.

“ह्यांना वास येत नाही. दोन वर्षं झाली. एकदा घरात गॅस सुटलेला, हे शेजारी पेपर वाचत बसलेले. मी बाहेरून आले म्हणून वाचलो. डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षं कारखान्यातलं ते हुंगून नाक मेलंय, परत यायचं नाही. मीच म्हटलं ह्यांना, निवृत्तीला थोडकं राहिलंय, कुणाला कळू देऊ नका. घरी माणसं आली की मी बोलत राहायची, म्हणजे ह्यांना कळावं. कारखान्यात म्हणे, पोरांना विचारून भागवतो.”

रोज सकाळची ती परीक्षा मला आठवली. आम्हाला वाटायचं सर आमचं नाक तयार करतायत. ते आमचं नाक उसनं घेत होते. आधी मला हसायला आलं, खरंच आलं, आणि मग इतका राग आला की पुढ्यातली कॉफी न पिता उठले. त्या माणसानं मला शिकवलं होतं. त्याला माझ्याकडून नाक उघडपणे मागता आलं असतं. मी दिलं असतं.

“कंपनीचा वकील येऊन गेला,” काकू दारापर्यंत येत म्हणाल्या. “म्हणतो, तुम्ही एवढंच सांगायचं की मी वास घेतला आणि टाकी स्वच्छ होती. बाकीचं आम्ही बघतो. मी ह्यांच्या पाया पडले हो, तेवढंच सांगा म्हणून.”

बाकीचं म्हणजे काय ते कारखान्यात सगळ्यांना कळलं होतं. एवढ्या जाणत्या केमिस्टनं टाकी स्वच्छ ठरवली, मग आग कशी लागली? तर मुनियप्पा पातं पुसायला स्वतःच डब्यातून टोल्युईन घेऊन उतरला असणार. मेलेल्या माणसाच्या बेफिकिरीनं आग लागली. त्याच्या गावातही हे पोचलं होतं. त्याची बायको रेशनच्या दुकानात गेली तर बायका म्हणायच्या, तुझ्याच नवऱ्याच्या हातून झालं म्हणे. सगळी गोष्ट उभी होती ती सरांच्या नाकावर. त्यांनी नाक हलवलं नाही तर मुनियप्पा कायमचा गुन्हेगार, आणि हलवलं तर सर.

पुढं खटला झाला, तो रेंगाळला, आणि निकाल लागायच्या आधी सर वारले. अखेरच्या वर्षांत ते घराबाहेर फारसे पडत नव्हते असं काकूंकडून ऐकलं. मी भेटायला गेले नाही. पण चौकशीच्या दिवशी मी तिथं होते.

कारखान्याच्या कॅन्टीनमध्येच चौकशी बसली. सरकारी अधिकारी, मॅनेजर, वकील, आम्ही सगळे. मागच्या बाकावर मुनियप्पाची बायको आणि तिचा भाऊ. सगळं इंग्रजीत चाललेलं, त्यामुळं ते दोघं नुसते तोंडांकडं बघत होते. वकिलानं सरांच्या नाकाचं फार कौतुक केलं. इतक्या वर्षांत एकदाही चूक नाही, वगैरे. मग सरांना विचारलं, “तुम्ही वास घेतलात?”

“घेतला.”

“आला?”

“मला कसलाच वास येत नाही,” सर इंग्रजीत म्हणाले. “दोन वर्षांपासून.”

वकिलानं आधी मॅनेजरकडं बघितलं. अधिकाऱ्याला पटेना. त्याला वाटलं, कंपनीवर राग काढतायत किंवा अपघातानं डोकं फिरलंय. त्यानं एक फडकं टोल्युईनमध्ये बुडवून आणायला सांगितलं. फडकं आणलं आणि सगळ्यांचे हात नाकाकडं गेले, अधिकाऱ्याचासुद्धा. सर बँडेज बांधलेल्या हातात ते फडकं तोंडासमोर धरून शांतपणे श्वास घेत होते. खोलीत कुणीतरी खोकत होतं. शेवटी अधिकारीच म्हणाला, पुरे, पुरे, बाजूला ठेवा.

आणि मग मी एक विचित्र गोष्ट बघितली. खोलीतली हवा सरांच्या बाजूची झाली. अधिकाऱ्यानं त्यांना खुर्ची दिली. मॅनेजर जवळ येऊन म्हणाला, अहो, आधी सांगायचं नाही का. वकीलसुद्धा लगेच नवी गोष्ट जुळवायला लागला, इतकी वर्षं कंपनीची सेवा करताना लागलेला आजार, कुणाचाच दोष नाही. मुनियप्पाही सुटला, सरही सुटले. माझाही राग ओसरला, मला रडू आलं. म्हातारा माणूस, हात भाजलेले, नाक मेलेलं. आता संपवा आणि घरी जाऊ द्या, असं मला वाटलं.

अधिकारी लिहून घेत होता. सर उभे राहिले. आता ते कन्नडमध्ये बोलायला लागले, आणि मागच्या बाकावरच्या बाईनं पहिल्यांदा मान वर केली.

“नाक मेलं होतं म्हणून तो मेला, असं लिहू नका. त्या दिवशी टाकीवर आम्ही दोघंच होतो. मॅनेजर खालून हाका मारत होते, लवकर करा म्हणून. मुनियप्पानं झाकणात डोकं घातलं आणि मला म्हणाला, सार, वास येतोय. मी रोज पोरांना विचारून काम चालवायचो. त्या दिवशी तर न विचारता उत्तर मिळालं होतं. पण त्यानं ते मोठ्यांदा सांगितलं, आणि खाली लोक उभे होते. हो म्हटलं असतं, तर एका वेल्डरला आधी आलेला वास मला आला नाही असं दिसलं असतं, आणि ते मला दिसू द्यायचं नव्हतं. मी डोकं आत घातलं, बाहेर काढलं आणि म्हटलं, नाही रे. जा.”

अधिकाऱ्याची लेखणी थांबली होती. मॅनेजर सरांच्या शेजारून हळूच उठून आपल्या जागेवर गेला. हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. पंख्याच्या आवाजात खालच्यांना ते दोघांचं बोलणं ऐकू गेलं नव्हतं, ज्यानं ऐकलं होतं तो मेला होता, आणि काकूंनाही हे माहीत नव्हतं, हे मला नंतर कळलं.

मुनियप्पाची बायको उठून पुढं आली. ती ओरडली नाही. काहीतरी चुकीचं ऐकलं असावं तशी ती सरांकडं बघत होती.

“त्याला वास आला होता?” तिनं विचारलं.

“हो.”

“मग तो आत का उतरला?”

वकील मधे काहीतरी बोलू बघत होता, अधिकाऱ्यानं त्याला हातानं गप्प केलं.

“त्याला वाटलं,” सर म्हणाले, “त्याचंच नाक चुकतंय.”